सरवा : मुंबई हायमध्ये पन्नास वर्षांनंतरही नवं तेल कसं सापडतं?



भूगोलाच्या तासाला नकाशा भरण्याचा सराव चालू होता. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात एक ठिपका काढायचा आणि शेजारी ‘मुंबई हाय’ लिहायचं, एवढंच काम होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पन्नास वर्सां काढतत, तरी थयला तेल अजून संपूक नाय?”

“मोठं क्षेत्र आहे ना,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. मुंबई हायचा शोध १९७४ चा. तेव्हापासून तिथे शेकडो विहिरी खोदून झाल्या. तरीही दर काही वर्षांनी ‘मुंबईजवळ समुद्रात नवा तेलसाठा सापडला’ अशी बातमी येते. इतकी वर्षं इतक्या लोकांनी शोधलेल्या जागी नवं काही उरतं कसं? आणि उरलेलं असेल, तर आधीच्यांना ते का दिसलं नाही?

यावर जे वाचलं आणि मग वर्गात जे करून पाहिलं, ते या लेखात मांडते आहे. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे केवढी गोष्ट आहे, ते मुलांना सांगताना याचा उपयोग होईल.

आधी फळ्यावरचं चित्र दुरुस्त करू

आपण फळ्यावर जमिनीखाली एक तळं काढतो, त्यात काळं तेल भरतो आणि वरून एक नळी सोडतो. चित्र सोपं आहे, पण चुकीचं आहे. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं दगडात. दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत आणि भेगांत ते मुरलेलं असतं. पावसात भिजलेल्या जांभ्याच्या चिऱ्यात पाणी मुरतं, तसं म्हणा.

तेलाचा साठा तयार व्हायला चार गोष्टी जुळून याव्या लागतात.

१. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि वनस्पती ज्यात गाडल्या गेल्या असा गाळ. तो खोल जाऊन लाखो वर्षं तापला की त्यातून तेल आणि वायू तयार होतात.
२. ते तेल साठवणारा सच्छिद्र दगड.
३. त्यावर झाकणासारखा बसलेला घट्ट खडक.
४. तेल बाजूने निसटून जाऊ नये अशी रचना. उदाहरणार्थ, उपड्या घातलेल्या परातीसारखा उंचवटा.

मुंबई हायमध्ये या चारही गोष्टी आहेत. तिथला तेल साठवणारा मुख्य दगड आहे चुनखडक. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात राहणाऱ्या जीवांची कवचं साचून झालेला दगड. शिंपले भाजून चुना करतात हे आपल्याकडे घरातली मोठी माणसं सांगतात. तोच पदार्थ, फक्त समुद्रतळाच्या खाली हजार मीटरहून खोल.

मुलं लगेच विचारतात, “मग आमच्या मालवणात का नाय?” आपल्या पायाखाली जांभा आहे. त्याखाली कुठे लाव्हाचा काळा पाषाण, तर कुठे त्याहूनही जुने ग्रॅनाइटच्या जातीचे आणि क्वार्ट्झाइटचे खडक आहेत. तेल तयार होईल असा गाळ इथे जमिनीवर साचलेला नाही. आपल्या समोरच्या समुद्रात खोलवर गाळाचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्या भागाला केरळ-कोकण खोरं म्हणतात. तिथे काही विहिरी खोदून पाहिल्या गेल्या, पण तेलाचं उत्पादन अजून कुठे सुरू झालेलं नाही.

भारतात अशी गाळाची २६ खोरी मोजतात. जिथे उत्पादन चालू आहे अशा सात खोऱ्यांच्या पहिल्या गटात मुंबईसमोरचं खोरं आहे. केरळ-कोकण तिसऱ्या गटात, म्हणजे अजून नुसती आशा असलेल्यांत.

आता गंमत बघा. नवं तेल शोधायला माणसं या कोऱ्या जागी जितकी जातात, त्यापेक्षा जास्त वेळा पुन्हा त्या जुन्या, खणून झालेल्या जागीच जातात. असं का?

शेंगा काढल्यावरचा सरवा

माझं माहेर घाटावरचं. तिकडे भुईमूग काढून झाला की शेतात ‘सरवा’ वेचायला बायका-मुलं येतात. वेल उपटताना काही शेंगा तुटून मातीतच राहतात. वरून शेत रिकामं दिसतं, पण खुरपं घेऊन बसलं की पाटीभर शेंगा निघतात. सरवा वेचणारी बाई ओसाड माळावर जात नाही. ती काढणी झालेल्या शेतातच जाते, कारण इथे शेंगा होत्या हे तिला नक्की माहीत असतं.

जुन्या तेलक्षेत्राचंही तसंच आहे. तेल तयार करणारा गाळ तिथे आहे, साठवणारा दगड आहे, झाकण आहे, हे सगळं सिद्ध झालेलं असतं. शिवाय समुद्रात फलाट उभे असतात, किनाऱ्यापर्यंत नळ टाकलेले असतात, उरणला प्रक्रिया करणारा प्रकल्प असतो. कोऱ्या जागी लहानसा साठा सापडला तर तो परवडत नाही. तोच साठा जुन्या फलाटाजवळ सापडला तर नळ जोडून घेता येतो.

मात्र सरवा वेचायला काढणीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि शेंगा कमी मिळतात, हेही तितकंच खरं. ही दुसरी बाजू पुढे येईलच.

पहिली काढणी

१९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात सर्वेक्षण झालं. समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा आहे हे त्यात दिसलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात. तिथे खोदायला जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ ही तेलशोधनाची तरती यंत्रणा आणली. १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं.

घरात एक रुपयाची नोट असेल तर तिची मागची बाजू मुलांना दाखवा. तिथे जे उंच पायांचं यंत्र दिसतं, तेच सागर सम्राट. मी नोट वर्गात फिरवली तेव्हा त्या तासाला एकही मूल खिडकीबाहेर बघत नव्हतं.

१९८० च्या दशकात इथून दिवसाला चार लाखांहून जास्त बॅरल तेल निघत होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. २०२४ पर्यंत ते उत्पादन जवळपास एक तृतीयांशावर आलं होतं. मग तेल संपलं का? नाही. सहज निघणारं तेल कमी झालं. या दोन वाक्यांमधला फरक मुलांना कळला, तर धडा कळला असं समजा.

नवं तेल नेमकं कुठे लपलेलं असतं?

*एक : त्याच दगडात मागे राहिलेलं*

विहीर खोदल्यावर तेल सुरुवातीला आपणहून वर येतं. सोड्याची बाटली उघडल्यावर आतला वायू सोडा वर ढकलतो, तसंच काहीसं. हळूहळू दाब कमी होतो. मग समुद्राचंच पाणी स्वच्छ करून दगडात दाबतात आणि ते पाणी तेलाला विहिरीकडे ढकलतं. पण पाणी नेहमी सोपी वाट धरतं. आपल्या बागेत पाट फोडला की पाणी उताराच्या आळ्याकडे धावतं आणि कोपऱ्यातलं आळं कोरडं राहतं ना, तसंच. मुंबई हायचा चुनखडक एकसंध नाही. त्याचे कित्येक थर आहेत आणि मधेमधे चिकणमातीच्या खडकाचे पातळ पडदे आहेत. एका थरातून पाणी सुसाट जातं, शेजारच्या घट्ट थरातलं तेल जागेवरच राहतं.

जगभरचा सरासरी अनुभव असा, की दगडात असलेल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांशच बाहेर येतं. म्हणजे जुनं क्षेत्र ‘संपलं’ म्हणतात तेव्हाही अर्ध्याहून जास्त तेल खालीच असतं. हे राहिलेले कप्पे शोधून मधल्या जागी नव्या विहिरी घेतात, किंवा खाली गेल्यावर आडवी वळणारी विहीर नेमक्या त्या थरातून नेतात. याचसाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला मुंबई हायसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडलं. दहा वर्षांत तेल आणि वायूचं उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असा त्या कंपनीचा अंदाज आहे. अंदाज खरा ठरतो का, ते कळायला मात्र काही वर्षं जावी लागतील.

*दोन : कडेचे लहान साठे*

मोठा उंचवटा आधी दिसतो, म्हणून तो आधी खोदला जातो. आसपासचे लहान साठे ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात. कित्येकदा ते सापडलेले असतात, पण तेव्हा परवडणारे नसतात. तेलाचा भाव वाढला, यंत्रं सुधारली, की तेच साठे कामाचे ठरतात. इथे सागर सम्राटची गोष्ट पुरी होते. ज्या यंत्रणेने १९७४ मध्ये मुंबई हाय शोधलं, तिचंच रूपांतर करून फिरतं उत्पादन केंद्र बनवलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ती मुंबई हायच्या पश्चिमेकडच्या लहान साठ्यांवर रुजू झाली. मोठी काढणी करणारीच सरव्याला आली म्हणा.

*तीन : जुन्या चित्रात न दिसलेले साठे*

ही गोष्ट आपल्या मुलांना सर्वात लवकर कळते. त्यांच्या घरच्या होडीवर फिश फाइंडर असतो. तो पाण्यात आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत येतो, आणि पडद्यावर मासळीचा थवा किंवा तळाचं खडप दिसतं. तेलाचा शोधही असाच घेतात. फक्त आवाज खूप मोठा असतो. तो समुद्रतळ ओलांडून खडकांत शिरतो आणि प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो.

१९६० च्या दशकातलं सर्वेक्षण म्हणजे सुरीने केकचे चार काप घेऊन आत काय असेल याचा अंदाज करणं. दोन कापांच्या मधे काय आहे ते कळत नसे. पुढे त्रिमितीय सर्वेक्षण आलं, म्हणजे सगळा केकच आरपार दिसू लागला. संगणक सुधारले तशी जुनीच माहिती पुन्हा तपासून अधिक स्पष्ट चित्र काढता येऊ लागलं. त्यामुळे नुसते उंचवटेच नाहीत, तर थर पातळ होत होत जिथे संपतो किंवा जिथे दगडाची जात बदलते, अशा लपलेल्या जागाही दिसतात.

*चार : ज्याला तळ समजलो त्याच्याही खाली*

गाळाच्या थरांखाली जुना कठीण खडक लागला की ‘झालं, इथे तळ आला’ असं मानून खोदाई थांबवत. ग्रॅनाइटच्या जातीच्या दगडात तेल कसलं! पण त्या दगडाला भेगा असतील, तर शेजारच्या गाळातलं तेल त्यात शिरून बसतं. मुंबई हायच्या या तळखडकातूनही तेल मिळालं आहे. जमीन तीच, समुद्र तोच, फक्त ‘इथे नसणारच’ हा समज बाजूला ठेवावा लागला.

अलीकडचे शोध, आणि एक छोटं गणित

जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं, की मुंबई हायच्या पश्चिमेला ‘डब्ल्यूओ-२४-३’ या विहिरीत नवा साठा सापडला आहे आणि तो सुमारे २.९७ कोटी टनांचा आहे. २०२३ मध्ये याच खोऱ्यातल्या दोन शोधांना ‘अमृत’ आणि ‘मूंगा’ अशी नावं दिली गेली. २०२५ मध्ये ‘सूर्यमणी’ आणि ‘वज्रमणी’ आले. पन्नास वर्षं खणलेल्या खोऱ्यात हे सगळं निघालं.

नावं मोठी आहेत, म्हणून गणित करायला हवं. आमच्या वर्गाने फळ्यावर केलं, तुम्हीही करून बघा.

भारताला वर्षाला साधारण २३ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ लागतात. म्हणजे महिन्याला दोन कोटी टनांच्या जवळपास. २.९७ कोटी टन भागिले तेवढं, उत्तर येतं साधारण दीड महिना. तेही ते सगळं बाहेर आलं तर. पण बातमीतला आकडा ‘दगडात किती आहे’ याचा असतो, ‘बाहेर किती येईल’ याचा नसतो. एक तृतीयांश निघालं असं धरलं, तर एक पंधरवडा.

मुलं गप्प झाली. एकजण म्हणाला, “मगे एवढ्यासाठी कित्याक खणतत?” चांगला प्रश्न आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. त्यामुळे घरचं थोडं मिळालं तरी तेवढे डॉलर वाचतात. आणि असे दहा-वीस लहान साठे मिळून जुन्या क्षेत्राची उतरण सावरता येते. पण त्यामुळे आयात थांबेल, असं कुणी सांगितलं तर हे पंधरवड्याचं गणित आठवावं.

क्वचित जुन्या खोऱ्यात मोठं घबाडही मिळतं. नॉर्वेच्या उत्तर समुद्रात १९६५ पासून शोध चालू होता. तिथे २०१० मध्ये ‘योहान स्वेरद्रुप’ नावाचं क्षेत्र सापडलं. त्यातून सुमारे २.७ अब्ज बॅरल तेल निघू शकेल असा अंदाज आहे आणि २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याएवढीच. बहुतेक वेळा सरवा हा सरवाच असतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे का समजून घ्यावं?

मुंबई हाय मालवणपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. तरी ते आपल्यापर्यंत पोचतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्या मुलांच्या पायाला चिकटतात आणि घरी गेल्यावर तेलाने चोळून काढाव्या लागतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा गोळ्या तपासून त्या कुठल्या तेलाच्या आहेत याचा माग काढला आहे. तेलवाहू जहाजांतून समुद्रात जाणारं तेल हे त्याचं एक कारण. काही गोळ्यांचा माग मुंबई हायच्या तेलापर्यंतही गेला आहे.

सर्वेक्षणाच्या काळात समुद्राचा काही भाग मासेमारीला बंद ठेवावा लागतो आणि फलाटाच्या ५०० मीटरच्या आत होड्यांना जाता येत नाही. पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांनी अशा सर्वेक्षणांना वेळोवेळी विरोध केला आहे. एक सरवा वेचताना दुसऱ्याच्या ताटातलं जातंय का, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

आणि मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आपण कुणीच विसरलेलो नाही. आपल्याकडे घरांची छपरं उडाली, माड आडवे झाले, दिवसचे दिवस वीज नव्हती. तेच वादळ वर सरकलं आणि मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा कामगार राहत असलेला तराफा बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. लहान साठे जोडायचे, जुने फलाट दुरुस्त करायचे, म्हणजे अशी माणसं वर्षानुवर्षं भर समुद्रात राहणार. मुलांना तेलाचे आकडे शिकवताना ही माणसंही सांगावीत असं मला वाटतं.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

साहित्य : पारदर्शक प्लास्टिकची बाटली, धुऊन वाळवलेले बारीक खडे, खाद्यतेल, पाणी, साबणाचं द्रावण, मोजपात्र.

१. अर्धी बाटली खडे भरा. त्यात मोजून अर्धी वाटी तेल ओता आणि थोडा वेळ मुरू द्या.
२. बाटली तिरकी करून तेल निथळू द्या. जे निघालं ते मोजा. ही पहिली काढणी.
३. आता बाटलीत हळूहळू पाणी ओता. अडकलेलं तेल पाण्यावर तरंगून वर येईल. ते वेगळं काढून मोजा. मुंबई हायमध्ये पाणी दाबतात ते याचसाठी.
४. शेवटी साबणाचं कोमट पाणी घालून हलवा. आणखी थोडं सुटेल. हे पाऊल शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतः करावं.
५. खडे बाहेर काढून बोटाने चोळून बघा. तरीही तेलकटच लागतात.

प्रत्येक पायरीला किती तेल मिळालं आणि त्यासाठी किती मेहनत, वेळ नि साहित्य लागलं, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. तेल कमी कमी होत जातं आणि मेहनत वाढत जाते, हे त्यांना न सांगताच दिसतं.

चर्चेसाठी प्रश्न :
- ‘साठा संपला’ आणि ‘साठा काढणं परवडत नाही’ यांत काय फरक आहे?
- तेलाचा भाव वाढला तर ‘साठा’ वाढतो, असं का म्हणतात?
- तुमच्या घरच्यांनी जुन्याच जागी जाळं टाकून नवी मासळी मिळवल्याचं आठवतं का? तेव्हा काय बदललं होतं : जाळं, वेळ की यंत्र?
- शेवटचा थेंब निघेपर्यंत काढत राहावं का? केव्हा थांबावं, आणि ते कुणी ठरवावं?

शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडेही नाही. वर्गात दोन तट पडले आणि घंटा झाली तरी वाद चालूच होता.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, “संपूक नाय रे. पण आता सोपा ऱ्हवाक नाय.” तो म्हणाला, “म्हणजे आमच्या मासळीसारख्याच.” मी त्याला नकाशावर ठिपका पुन्हा काढायला सांगितला. या वेळी त्याने मुंबई हायच्या शेजारी चार-पाच बारीक ठिपके काढले.